गाईचे वरचे दात

माणसाला कामापुरतं इंग्रजी आलं की त्याला वाटतं, आपल्याला सगळंच येतं. मी दिघीच्या शाळेचा मास्तर, गावचं पोस्टही माझ्याकडेच, आणि आलेला इंग्रजी कागद वाचून घ्यायला लोक माझ्याच ओटीवर यायचे. त्यामुळे १९२७ साली दिघीत आपल्याइतका शहाणा दुसरा नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. तैयबाबीनं ते मोडून काढलं, आणि तेही आवाज न चढवता.

तैयबाबीचं घर आगरदांड्याची तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, लागते त्या धक्क्यापासून चार घरं सोडून. नवरा तापानं गेलेला. पदरात दोन मुलगे, दारात दोन म्हशी आणि एक गाय. तिचं माहेर म्हसळ्याकडचं. वडील गुरांचा व्यापार करायचे, आणि मुलगी लहान असताना तिला माणगावच्या बाजाराला बरोबर न्यायचे. दिघीच्या बायांना माशाचे कल्ले उलटून ताजेपणा कळायचा. हिला बैलाच्या तोंडात हात घालून त्याचं वय कळायचं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी अलिबागच्या भिक्षुकाच्या घरचा. दूध मी तांब्यात पाहिलेलं.

थोरला मुलगा नझीर आठ वर्षांपूर्वी चाचाबरोबर आफ्रिकेला गेला. पहिल्या वर्षी त्याची चार पत्रं आली, दुसऱ्या वर्षी दोन. मग चाचाच्या पत्राच्या शेवटी एक ओळ यायला लागली, "नझीर सलाम सांगतो." त्या एका सलामावर ही बाई वर्ष काढायची. टपालाच्या दिवशी न चुकता पोस्टात यायची आणि काही नसलं की "बरं" म्हणून जायची. ते "बरं" ऐकायला लागू नये म्हणून मी कधीकधी आत जाऊन बसत असे.

धाकटा नजमुद्दीन वीस वर्षांचा, मुरुडहून मॅट्रिक झालेला. आदल्या वर्षी माणगावकडे गुरांमध्ये बुळकांडी पसरली, तेव्हा सरकारी गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले होते. नजमुद्दीन मामाकडे गेला होता, तो त्यांच्या हाताखाली महिनाभर गुरं धरत हिंडला. परत आला तो एकच ध्यास घेऊन. डॉक्टर निघताना म्हणाले होते, "शीक, पण सरकारनं मान्य केलेल्या शाळेतच शीक. नुसत्या पाट्या लावून बसलेले पुष्कळ आहेत." कुठली शाळा ते सांगायच्या आधीच त्यांची गाडी सुटली, आणि पुढे त्यांची बदली कुठे झाली ते कोणाला कळलं नाही.

इकडे चाचा मुंबईला आलेला. चार जूनच्या बोटीनं तो परत आफ्रिकेला जाणार होता, आणि नजमुद्दीनचं तिकीट त्यानं काढून ठेवलं होतं. तैयबाबीनं फार विनवण्या केल्या, तेव्हा त्यानं कळवलं, "खऱ्या शाळेत दाखल झाल्याचा कागद माझ्यापुढे ठेव, मी तिकीट परत करतो. नाहीतर पोरगं माझ्याबरोबर येईल." म्हणजे चार जूनच्या आत खरी शाळा सापडली तर धाकटा राहणार, नाहीतर त्याचाही वर्षाला एक सलाम होणार. तैयबाबीला त्या दोन महिन्यांत धड झोप लागली नाही, हे तिच्या डोळ्यांवरून दिसायचं.

वर्तमानपत्रं चाळून नजमुद्दीननं दोन पत्ते काढले. एक परळच्या सरकारी कॉलेजचा. दुसरा मुंबईतल्याच एका 'अखिल हिंद पशुवैद्यक महाविद्यालया'चा. दोघांकडून माहितीपत्रकं मागवली. परळचं आलं ते पिवळट कागदावर, बारीक टायपात, नुसते नियम. दुसऱ्याचं जाड कागदावर सोनेरी अक्षरांत, वर दोन सिंह, आणि पानापानावर 'सरकारमान्य' असं ठळक छापलेलं. परळच्या कागदावर तो शब्द शोधूनही सापडेना. मी तत्काळ निकाल दिला, "तैयबाबी, सिंहवाली शाळा खरी. तसं छापलंयच मुळी."

ती म्हणाली, "छापणाऱ्याला काय, शाई हाय तोवर छापंल." मग म्हणाली, "मास्तर, दोघांना एक एक चिठ्ठी लिहा. लिहा, की माझ्या गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात न्हायत. एक पण न्हाय. काय इलाज करू?"

मला त्या गाईची फार कीव आली. मी चांगलं इंग्रजी वापरून लिहिलं, 'अत्यंत दुःखाने कळवण्यात येते' वगैरे. वाचून दाखवलं तेव्हा तैयबाबी माझ्याकडे जरा निरखून बघत होती. मला वाटलं, इंग्रजीचं कौतुक वाटतंय.

सिंहवाल्यांचं उत्तर आठ दिवसांत आलं. सोबत चूर्णाची पुडी. रोग फार गंभीर असून त्याचं नाव लॅटिनमध्ये अमुक आहे, चूर्ण दिवसातून दोनदा हिरड्यांना चोळावं, एकवीस दिवसांत नवे दात दिसू लागतील. शिवाय नजमुद्दीनला प्रवेश देण्यात आला आहे. जागा थोड्या असल्यामुळे मॅट्रिकचं मूळ सर्टिफिकेट ताबडतोब रजिस्टरनं पाठवावं.

मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तैयबाबीनं पुडी हातात घेतली, हुंगली, पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, "दुसरी चिठ्ठी येऊ द्या."

इतकंच. का, ते तिनं सांगितलं नाही. तिला वाटलं, ज्यानं चिठ्ठी लिहिली त्याला त्यातली खोच कळणारच. एवढा शिकलेला माणूस, त्याला गाईचं तोंड ठाऊक नसेल हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. आणि मला वाटलं, बाई अडाणी, हातातली संधी घालवते आहे. म्हणून मी पाच दिवस वाट पाहिली आणि नजमुद्दीनला एकट्याला गाठून सांगितलं, "जागा भरतील, मग आफ्रिकेशिवाय गत्यंतर नाही. आईला मागाहून सांगू." तो बिचारा आधीच घाबरलेला. त्यानं सर्टिफिकेट आणून दिलं. मी स्वतःच्या हातानं लखोटा बंद केला, रजिस्टर केला, वर शिक्का मारला. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले, हेही खरं ते सांगतो.

परळचं उत्तर मे महिन्याच्या चोवीस तारखेला आलं. चार ओळींचं. 'गाई-म्हशींना वरच्या जबड्यात पुढचे दात निसर्गतःच नसतात. आपल्या गाईला त्याबाबत कोणताही आजार नाही. प्रवेशासाठी उमेदवाराने मॅट्रिकच्या मूळ सर्टिफिकेटसह एकतीस मे रोजी पाच वाजेपर्यंत समक्ष हजर राहावे.'

पहिली ओळ वाचताच तैयबाबी हसली. दोन महिन्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होतो. हसता हसताच तिचे डोळे भरले. "ही खरी शाळा. मास्तर, ही खरी हो! गुराच्या तोंडात एकदा हात घातलेल्या माणसाला ठाऊक असतं, वर दात नसतात. ते सिंहवाले दात उगवून देत होते!"

मला तो रजिस्टर केलेला लखोटा आठवला. आत माझी बायको वेणू तांदूळ निवडत होती, ती दारात येऊन म्हणाली, "अगबाई, तुम्हांला एवढंही ठाऊक नव्हतं?" मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तैयबाबीला सगळं सांगितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. म्हणाली, "मला न इचारता?"

"हो."

"शेवटची आगबोट कवा हाय?"

पावसाळ्यासाठी आगबोटी बंद होत होत्या. शेवटची अठ्ठावीस तारखेला, शनिवारी. शाळेला सुट्टी होतीच. पोस्टाची चावी मी चावडीच्या कारकुनाकडे दिली आणि नजमुद्दीनला घेऊन आम्ही तिघं निघालो. दर्या फुगलेला. मी सारा वेळ कठड्याला धरून ओकत होतो, आणि तैयबाबी, जिनं उभ्या जन्मात गावच्या तरीखेरीज दुसऱ्या बोटीत पाय टाकला नव्हता, ती फळीवर ताठ बसून बोटं मोजत होती. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. पुन्हा पहिल्यापासून.

मुंबईत डोंगरीला तिच्या नात्यातल्यांकडे उतरलो. शनिवारी संध्याकाळी सिंहवाल्यांचं महाविद्यालय शोधून काढलं. एका गल्लीत, अत्तराच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याची एक खोली, आणि दाराला कुलूप. रविवारी कुलूप. सोमवारी कारकून भेटला. तो म्हणाला, प्रिन्सिपॉलसाहेब उद्या येतील, पण सर्टिफिकेट हवं असेल तर आधी पुऱ्या वर्षाची फी भरावी लागेल, तसा नियम आहे. नियम कुठल्या पानावर आहे ते दाखवा म्हटलं, तर त्यानं खिडकी लावून घेतली. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात. हे दाखवायचे मी सोनेरी अक्षरांत पाहून घेतले होते.

त्या रात्री चाचा येऊन गेला. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "भाभी, शनिवारी बोट हाय. पोराचे कपडे बांधून ठेव." तैयबाबीनं नजमुद्दीनकडे बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला तिथून उठून समुद्रात उडी टाकावीशी वाटली.

मंगळवारी आम्ही आठ वाजताच जिन्यावर जाऊन बसलो. दहा वाजले. अकरा वाजले. खेड्यापाड्यांतून आलेले आणखी सात-आठ उमेदवार गोळा झाले, कोणी बापाला घेऊन, कोणी एकटा. अडीचला प्रिन्सिपॉल आले. कोट, घड्याळाची साखळी, गुळगुळीत आवाज. माझं इंग्रजी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "फी." मी हातापाया पडलो. "फी." घड्याळात तीन वाजत आले होते. परळ तिथून ट्रामनं चांगलंच लांब.

तैयबाबी पुढे झाली. पदराची गाठ सोडून तिनं ती पुडी टेबलावर ठेवली.

"साहेब, ही तुमची पुडी. माझ्या गाईला दात उगवायची."

"गुण आला ना?" साहेब हसले.

"तेच सांगायला आलेय. खाली गल्लीत एक बाई गाय घेऊन बसलीय, लोक गवत चारतात. चला, तिच्या तोंडात बघू. तिला वरचे दात असले तर मी फी भरते. नसले तर ह्या सगळ्या पोरांना पण पुड्या द्या, गावोगाव लागतील."

उमेदवारांपैकी एका शेतकऱ्याच्या तोंडून फस्सकन हसू बाहेर पडलं. "वरचे दात? गाईला?" दुसऱ्यानं पुडी उचलून घेतली. तिसरा म्हणाला, "माझं पन सर्टिफिकीट हितंच हाय." आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले. साहेबांचा गुळगुळीत आवाज त्या गलक्यात कुठे गेला ते कळलंच नाही. कारकुनानं ड्रॉवर उघडला, आणि त्यानं बघायच्या आधी नजमुद्दीननं आपला कागद ओळखून उचलला. आम्ही जिना उतरलो तेव्हा वर अजून खुर्च्या सरकत होत्या. इतर पोरांना आपापले कागद मिळाले की नाही, ते आम्ही थांबून बघितलं नाही. त्याची टोचणी मला आहे.

ट्राम वाटेत अर्धा तास अडून राहिली. तैयबाबी उतरून चालायला लागली, म्हणून आम्हीही उतरलो. उन्हानं रस्ता तापलेला, तिच्या पायांत चपला नाहीत, आणि दर दहा पावलांना ती मला विचारत होती, "किती वाजले?" माझ्याकडे घड्याळ नव्हतं. मी प्रत्येक दुकानदाराला विचारत होतो. परळच्या फाटकात शिरलो तेव्हा पाच वाजायला सात मिनिटं होती. तिथल्या कारकुनानं सर्टिफिकेट उजेडात धरून पाहिलं, नजमुद्दीनला चार प्रश्न विचारले, नाव लिहून घेतलं आणि एक चिठ्ठी फाडून दिली. ना सिंह, ना सोनं. तैयबाबीनं चिठ्ठी डोळ्यांना लावली आणि तिथेच पायरीवर बसून रडली. चाचानं तिकीट परत केलं.

परतीची आगबोट नव्हती. आम्ही दोघं माणगाववरून खुष्कीनं आलो. वाटेत ती मला एवढंच म्हणाली, "मास्तर, गावात गेल्यावर एकदा माझ्या गाईच्या तोंडात हात घाला." मी घातला. गाईनं बोटं चघळली, पण इजा केली नाही.

नजमुद्दीन तीन वर्षं परळला शिकला. १९३० साली पास होऊन घरी आला, तेव्हा तैयबाबीनं गावभर साखर वाटली. म्हसळ्याला गुरांचा दवाखाना निघणार आणि तिथे त्याला घेणार, असं सगळेच म्हणत होते. दवाखाना काही निघाला नाही. पण नजमुद्दीन रोज उठून आसपासची गावं हिंडायचा. कोणाची म्हैस अडली, कोणाच्या बैलाच्या खुरात किडे झाले, की त्याला बोलावणं यायचं. लोक तांदूळ द्यायचे, नारळ द्यायचे. संध्याकाळी तो घरी जेवायला असायचा, आणि तैयबाबी आता टपालाच्या दिवशीसुद्धा उशिरा यायची. ती बाई सुखात होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या मे महिन्यात एक दिवस नजमुद्दीन पोस्टात येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, ब्रह्मदेशाच्या सरकारला गुरांचे डॉक्टर हवेत. कॉलेजनं आमची नावं मागवली होती, मी माझं दिलंय. मांला सांगू नका. व्हायचं न्हाय काही."

तीन आठवड्यांनी लांबट लखोटा आला. वर रंगूनचा शिक्का. नजमुद्दीन त्या दिवशी चार कोसांवरच्या एका गावी गुरांना लस टोचायला गेला होता, दुसऱ्या दिवशी येणार होता. लखोटा मी उघडला नाही. पण असला जाड लखोटा नाही म्हणायला कोणी पाठवत नाही, हे एवढी वर्षं पोस्ट चालवून मला कळत होतं. मी तो हातात धरून बसलो होतो, तेवढ्यात तैयबाबी आली.

"नझीरचं?"

"नाही." मला खोटं बोलता येईना. मी सगळं सांगितलं.

ती भिंतीला टेकून बसली. बाहेर धक्क्यावर तर आल्याची हाक झाली, माणसं उतरली, पुन्हा शांत झालं. मग तिनं विचारलं, "मास्तर, ती सिंहवाली शाळा असती तर?"

"तर त्या कागदाला दिघीपलीकडे कोणी विचारलं नसतं."

"म्हंजे पोरगा हितंच राह्यला असता."

मला राहवेना. मी उठून दार लोटलं आणि म्हणालो, "तैयबाबी, पावसाळा तोंडावर आहे. टपालाच्या पिशव्या भिजतात. पत्रं गहाळ होतात. मुदतीत उत्तर गेलं नाही, तर ते दुसऱ्या कोणाला घेतील. हे मी केलं असं कोणाला कळायचं नाही." माझी नोकरी जाईल हे मला ठाऊक होतं, आणि त्या क्षणी मला त्याचं काही वाटत नव्हतं.

तिनं लखोटा माझ्या हातातून घेतला. उलटा केला, सुलटा केला. तिला त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं.

"शाळा खरी निघाली," ती म्हणाली. "आता आई खोटी निघू काय?"

आणि ती उठली. मी म्हटलं, "अहो, तो उद्या येतोच आहे. घरी ठेवा, आला की द्या. एवढ्या उन्हात चार कोस कशाला?"

"न्हाय मास्तर. रातभर घरात राह्यलं, तर माझाच हात चुलीकडं जाईल."

लखोटा पदरात गुंडाळून ती भर दुपारी वाटेला लागली.